मंगलाष्टकांचे किलोबिट

बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्नाच्या शूटिंगची कॅसेट मागे पडली आणि सीडी आली, तेव्हा गिऱ्हाइकाचं सगळं बोलणं चित्राबद्दल असायचं. टायटल कसं, गाणी कोणती, मामाकडची माणसं किती वेळ दिसणार. आवाजाबद्दल आधी कुणी चकार शब्द काढत नसे. डिस्क घरी गेल्यावर तक्रार मात्र हटकून त्याचीच.

व्हीसीडीत डोकं चालवायला वावच नव्हता. १९९३च्या मानकाने सगळं ठरवून ठेवलेलं: चित्राला सेकंदाला ११५० किलोबिट, आवाजाला एमपी-टूमध्ये २२४, तोही ४४.१ किलोहर्ट्झवर. एका सीडीत ७४ मिनिटं, ताणली तर ८०. एमपी-टूला आजही नावं ठेवतात, ते मला पटत नाही. २२४ किलोबिटांत सनई छान उतरायची. अक्षता पडताना ठोकळे व्हायचे ते चित्राचे. आवाज फाटायचा तो आधीच, मांडवातल्या कर्ण्याजवळ उभ्या कॅमेऱ्याच्या माइकमध्ये. शिवाय मिनी-डीव्ही कॅमेऱ्याच्या मेनूत १२ बिट की १६ बिट अशी एक ओळ असे. बरेच घरगुती कॅमेरे १२ बिट, ३२ किलोहर्ट्झवर लावूनच यायचे, आणि ती ओळ उघडून बघणारे शूटिंगवाले विरळाच.

खरी निवड डीव्हीडीने दिली. २००७च्या सुमारास मोझर बेअरने सिनेमाची व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, घरोघरी प्लेअर पोचले आणि लग्नही डीव्हीडीवरच हवं झालं. इथे आवाज ४८ किलोहर्ट्झचा, पण प्रकार तीन: कॉम्प्रेशन नसलेला एलपीसीएम, एमपी-टू, नाहीतर डॉल्बीचा एसी-थ्री.

गणित कागदावर मांडलं की निवड आपोआप व्हायची. डिस्क ४.७ जीबीची, लग्न तीन तासांचं. म्हणजे सगळं मिळून सेकंदाला जेमतेम ३४८० किलोबिट. एलपीसीएम एकटाच १५३६ खाणार, चित्राला दोन हजारही उरणार नाहीत. एसी-थ्री १९२वर ठेवला तर चित्राला जवळपास ३३०० मिळतात. तरी स्वस्त सॉफ्टवेअरमध्ये एसी-थ्री नसायचा, कारण डॉल्बीचा परवाना लागे. मग काहीजण एलपीसीएमच ठेवून द्यायचे आणि चित्र धूसर का, म्हणून कॅमेऱ्याला शिव्या घालायचे. आपल्या पाल पद्धतीत एमपी-टू चालत होता, हे त्यांच्या गावीही नसे.

उरलेल्या किलोबिटांत चित्र नीट बसवायला, ते आधी एकदा तपासून मग दाबायची टू-पास पद्धत चांगली, पण वेळ जवळपास दुप्पट. त्या वर्षांत ग्रामीण भागात भारनियमन इतकं, की इन्व्हर्टर किती वेळ टिकेल यावर सेटिंग ठरे.

एसी-थ्रीत एक खोच होती. एन्कोडरमध्ये संवादाच्या पातळीचा आकडा असतो, डायलनॉर्म. तो बहुधा उणे २७ लावलेला येई. प्लेअर तो आकडा वाचून आवाज चार डेसिबलने उतरवायचा. त्यावर ‘फिल्म स्टँडर्ड’ नावाचं कॉम्प्रेशन चालू असलं, तर बँड वाजताच आवाज दबायचा आणि थांबला की पंख्याची घरघर वर यायची. ‘सिनेमाची डीव्हीडी मोठ्यांदा लागते, आमच्या लग्नाची बारीक का?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा इथे असे. उणे ३१ करायचं, कॉम्प्रेशन बंद, संपलं. सिनेमागृहासाठी मिसळलेल्या आवाजाचे ते ठोकताळे. मांडवातल्या आवाजाला ते का लावायचे?

एमआयडीसीतल्या कामांची गोष्ट वेगळी. सुरक्षेची, प्रशिक्षणाची फिल्म, कामगार काही मराठी, काही उत्तरेकडचे. डीव्हीडीत आठ ऑडिओ ट्रॅक बसतात, त्यामुळे एकाच चित्रावर मराठी आणि हिंदी निवेदन देता येई. दोन्ही ट्रॅक एलपीसीएम केले तर नुसत्या आवाजालाच तीन हजार किलोबिट लागणार, आणि राईट केलेली डिस्क जास्त बिटरेटवर अडखळायची. एकट्या माणसाच्या निवेदनाला १९२ भरपूर.

आता त्याच डिस्क पेनड्राइव्हवर घालून मागायला लोक येतात. एसी-थ्रीची पेटंटं २०१७मध्ये संपली, तरी तो न वाजवणारे टीव्ही आणि मोबाइल आहेतच; चित्र दिसतं, आवाज गायब. अशा वेळी चित्राला हात लावू नये, फक्त आवाज एएसीमध्ये बदलावा, काही मिनिटांचं काम असतं. एलपीसीएमवाल्या जुन्या डिस्क इथे उजव्या ठरतात, त्यांचा आवाज पहिल्यांदाच दाबला जातो. धूसर चित्राचं मात्र काही करता येत नाही.