सुई दुसऱ्याच्या हाती, जबाब आपला

आपणांपैकी हळर्ण-पेडणे परिसरात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या बहुतेकांचा दवाखाना एखाद्या सिस्टरच्या वा कंपाउंडरच्या आधारानेच चालतो. अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनर वा फिजिशियन असिस्टंट या पदव्या आपल्या गावांत दिसत नसल्या, तरी तेथील डॉक्टरांना पडणारा प्रश्न आपलाही आहे : मदतनिसाची चूक झाल्यास उत्तर कोणी द्यावयाचे?

बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्याचा विसर पडत नाही. १९९३ साली दिल्लीतील या रुग्णालयात टायफॉईड झालेल्या बालकास शिरेवाटे क्लोरॅम्फेनिकॉल द्यावयाचे होते. परिचारिकेने क्लोरोक्विन दिले. बालकाचे हृदय थांबले आणि मेंदूस कायमची इजा झाली. परिचारिकेपाशी आवश्यक ती पात्रताही नव्हती. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने बालकास साडेबारा लाख आणि मातापित्यांना पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. सेवकाच्या चुकीस धनी म्हणून रुग्णालय जबाबदार ठरले. निवासी डॉक्टरांवरही निष्काळजीपणाचा ठपका आला.

म्हणजे येथे दायित्वे दोन. सेवकाच्या चुकीची भरपाई हे एक. अपात्र व्यक्तीवर काम सोपविणे हा आपला स्वतःचा निष्काळजीपणा, हे दुसरे. माझ्या मते दुसरे अधिक जड. फौजदारी कायद्यात दुसऱ्याचा अपराध सहसा आपल्या माथी येत नाही, पण सोपविण्यातील स्वतःची बेपर्वाई तेथेही आपलीच.

शासकीय सेवेत भरपाईचा भार शासनावर पडतो. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयात १९६३ साली संततिनियमनाच्या शस्त्रक्रियेत पोटात कापड राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनास जबाबदार धरले. खाजगी दवाखान्यात मात्र धनीही आपण आणि डॉक्टरही आपणच!

फोनवरून 'अर्धा सीसी द्या' असे सांगण्याची सवय आपणां सर्वांना आहे, मलाही होती. बालकाचा डोस वजनावर ठरतो, आणि दशांशचिन्ह एक घर सरकले की दहापट होतो. म्हणून औषधाचे पूर्ण नाव, मिलिग्रॅम, मार्ग व वेळ कागदावर लिहावी, सिस्टरने कुपीवरील नाव मोठ्याने वाचावे, आणि शिरेवाटे पहिला डोस शक्यतो डॉक्टरांच्या उपस्थितीत द्यावा. सिस्टरच्या नोंदणीपत्राची प्रत दप्तरी ठेवावी. व्यवसाय-विम्याचा करारही एकदा वाचून पाहावा : मदतनिसाच्या कृत्यास संरक्षण आहे काय, आणि ती व्यक्ती अर्हताप्राप्त नसल्यास ते टिकते काय?