धाराशिवच्या आकाशातील दुर्बिणी

हैदराबाद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे बलून केंद्र आहे. तेथून उड्डाणांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतील जनतेसाठी एक सूचना प्रसिद्ध होत असते. तीत असे कळविलेले असते की, प्रचंड फुग्यांखाली टांगलेली शास्त्रीय उपकरणे आपले काम संपताच रंगीत हवाई छत्र्यांच्या आधाराने भूमीवर उतरतील. ती उतरण्याची जागा हैदराबादपासून दोनशे ते साडेतीनशे किलोमीटरपर्यंत, विशाखापट्टणम–हैदराबाद–सोलापूर या रेषेच्या आसपास कोठेही असू शकेल. आणि ज्या कोणास ती आढळतील त्याने त्यांना हात न लावता जवळच्या पोलीस ठाण्यास, डाकघरास अथवा जिल्ह्याच्या अंमलदारांस खबर द्यावी. ही रेषा नकाशावर आखून पाहिली, तर तिच्या पश्चिम टोकाशी उमरगा, लोहारा, नळदुर्ग, तुळजापूर असा धाराशिव जिल्ह्याचा बराचसा दक्षिण भाग लागतो. अवकाश-संशोधनाचा विचार मनात आला की आपली दृष्टी श्रीहरिकोट्याकडे किंवा सातासमुद्रांपलीकडे वळते. परंतु वातावरणाच्या वर जाऊन तारे पाहण्याची जी विद्या गेल्या शतकात उदयास आली, तिच्या वाटेवर आपला हा अवर्षणप्रवण जिल्हा कितीतरी वर्षांपासून उभा आहे, याची जाणीव जिल्ह्यातील सुशिक्षितांनाही फारशी नाही, आणि ती असावी असे मला मनापासून वाटते.

माघातल्या कोरड्या रात्री बालाघाटच्या एखाद्या माथ्यावर उभे राहिले असता मृग नक्षत्र इतके स्वच्छ दिसते की, आपण आणि ते यांच्यामध्ये काही आडपडदा आहे हे खरेही वाटत नाही. तो आडपडदा मात्र आहे, आणि तो मोठा जबर आहे. ताऱ्यांकडून येणाऱ्या प्रारणांपैकी डोळ्यांना दिसणारा प्रकाश, अवरक्ताच्या काही अरुंद खिडक्या आणि रेडिओ लहरी एवढ्याच काय त्या भूमीपर्यंत सुखरूप पोहोचतात. क्ष-किरण हवेच्या वरच्या थरांतच शोषले जातात, बहुतेक जंबुपार किरण ओझोन अडवून धरतो, आणि दूर-अवरक्त प्रारण हवेतील बाष्प गिळून टाकते. जीवसृष्टीच्या दृष्टीने हे कवच म्हणजे वरदान होय, यात संशय नाही. ज्योतिर्विदाला मात्र त्यामुळे विश्वाची हकिकत अर्धीमुर्धीच वाचावयास मिळते. मृगाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांखाली जो धूसर ठिपका दिसतो, तेथे वायू आणि धूळ यांच्या मेघांतून नवे तारे जन्म घेत आहेत. परंतु हा जन्मसोहळा धुळीच्या दाट आवरणाआड चालत असल्यामुळे साध्या प्रकाशात तो दिसत नाही, आणि तापलेली ती धूळ ज्या दूर-अवरक्त किरणांनी त्याची वार्ता पाठविते ते किरण आपल्या हवेत विरून जातात. म्हणून दुर्बीण हवेच्या वर नेणे, हाच त्यावर उपाय.

उपग्रह हा त्या उपायाचा आजचा सर्वपरिचित प्रकार. फुगा हा त्याहून जुना आणि पुष्कळ अल्पखर्चाचा. हैदराबादचे कायमचे केंद्र १९६९ च्या सुमारास उभे राहिले. अत्यंत पातळ पॉलिथिनचे, पन्नास ते पंच्याऐंशी मीटर व्यासाचे, हायड्रोजनने भरलेले हे फुगे तीस ते बेचाळीस किलोमीटर उंचीपर्यंत चढतात; तेथे पोहोचल्यावर वातावरणाच्या वस्तुमानाचा शेकडा सुमारे नव्याण्णव किंवा त्याहून अधिक भाग खाली राहिलेला असतो. टाटा संस्थेच्या शास्त्रज्ञांनी शंभर सेंटिमीटर व्यासाच्या आरशाची एक दूर-अवरक्त दुर्बीण स्वतः तयार केली आणि ती अशा फुग्याखाली टांगून अनेक वेळा आकाशात पाठविली. वाऱ्यावर झुलणाऱ्या दोरीला लटकलेली ही अवजड दुर्बीण रात्रभर एकाच मेघावर रोखून धरणे हे केवढे कौशल्याचे काम! तिच्यातील संवेदक द्रवरूप हेलियमच्या साह्याने निरपेक्ष शून्याच्या वर अवघ्या तीन-दशांश अंशापर्यंत थंड करावे लागत, कारण दूर-अवरक्त पाहणाऱ्या उपकरणाची स्वतःची उष्णता ही भर उन्हात काजवा शोधावयास निघण्यासारखी अडचण असते. १९८३ साली आयरास नावाच्या उपग्रहाने अवरक्तातील जवळजवळ सारे आकाश धुंडाळले खरे, परंतु त्याची दृष्टी शंभर मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास संपत होती. आपली ही दुर्बीण त्यापलीकडच्या, दीडशे-दोनशे मायक्रॉनच्या प्रदेशात पाहत असे, आणि त्यामुळे आयरासला न दिसलेली थंड धूळ तिच्या नकाशांत उमटली. पुढे जपानी शास्त्रज्ञांच्या सहकार्याने तिला एक वर्णपटमापक जोडण्यात आला आणि आयनीभूत कार्बनच्या १५८ मायक्रॉनच्या रेषेत मृगातील त्याच तेजोमेघाचा विस्तृत नकाशा तयार झाला. तो शोधनिबंध २००३ साली प्रसिद्ध झाला. या यशात एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. उपग्रह एकदा गेला की तो हाती येत नाही. फुग्यावरची दुर्बीण मात्र खाली उतरते, दुरुस्त होते, तिच्यात नवे संवेदक बसतात आणि ती पुन्हा वर जाते. अर्थात ती ज्या शेतात उतरेल त्या शेतकऱ्याच्या हातून ती शाबूत परत आली, तरच हे शक्य होते.

हैदराबाद आणि धाराशिव यांचा आकाशाच्या संबंधाने आलेला हा पहिलाच ऋणानुबंध नव्हे. हा जिल्हा निजामाच्या राज्यात असताना नवाब जफर जंग या विद्याप्रेमी अमिराने हैदराबादेत एक वेधशाळा उभारली, आणि १९०८ साली ती सरकारकडे आली. सर्व आकाशाची छायाचित्रे घेऊन ताऱ्यांची जंत्री करण्याचे जे आंतरराष्ट्रीय कार्य १८८७ साली पॅरिस येथे ठरले होते, त्यातील आकाशाचे काही पट्टे या निजामिया वेधशाळेच्या वाट्यास आले आणि तिने साडेसात लाखांहून अधिक ताऱ्यांच्या स्थानांची नोंद पुरी केली. त्या काळी या जिल्ह्यातील रयत त्याच राज्यात शेतसारा भरत होती. तेव्हा ताऱ्यांच्या त्या खतावणीत आपल्या पूर्वजांचाही काही अंश आहे, असे मी समजतो.

फुग्यांवर जे साधले तेच पुढे उपग्रहावर चढले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादेतील फुग्यांवरून क्ष-किरणांचे वेध घेणाऱ्यांत तरुण पी. सी. अगरवाल होते, भारताची पहिली बहुतरंगी अवकाश-वेधशाळा जी अॅस्ट्रोसॅट, तिच्या उभारणीत पुढे त्यांनीच नेतृत्व केले, आणि तिच्यावरील मोठ्या क्ष-किरण गणकाची चाचणीही २००८ साली हैदराबादच्या फुग्यावरूनच झाली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अॅस्ट्रोसॅटचे प्रक्षेपण होऊन तो सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर स्थिरावला. एकच वस्तू क्ष-किरणांत आणि जंबुपार किरणांत एकाच वेळी पाहता येणे, हे त्याचे वैशिष्ट्य. त्याच्यावरील जंबुपार दुर्बिणींचे आरसे अवघ्या अडतीस सेंटिमीटरचे आहेत, तर हबल अवकाश-दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा, तरीसुद्धा पुण्याच्या ‘आयुका’ या संस्थेतील कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ च्या ऑक्टोबर महिन्यात अठ्ठावीस तासांच्या निरीक्षणातून एका अशा दीर्घिकेचा माग काढला, की जिच्यापासून तीव्र जंबुपार प्रारण ९३० कोटी प्रकाशवर्षांचे अंतर कापून येत होते. सुमारे दोन वर्षे बारकाईने तपासून पाहून २०२० साली त्यांनी हा शोध प्रसिद्ध केला. हबलला जे साधले नाही ते या लहान दुर्बिणीला साधले, याचे कारण तिच्या संवेदकांतील पार्श्वभूमीचा गोंगाट पुष्कळच कमी होता. विश्वाच्या बाल्यावस्थेत पहिल्या ताऱ्यांच्या प्रकाशाने सर्वत्र पसरलेल्या हायड्रोजनचे पुन्हा आयनीभवन कसे केले, या प्रश्नाचा उलगडा करण्यास असे पुरावे मोलाचे ठरतात. शेकडो गामा-किरण स्फोटांची नोंदही अॅस्ट्रोसॅटने केली आहे. परंतु माझ्या मते त्याची कीर्ती या एका दीर्घिकेनेच अधिक टिकेल.

‘आयुका’ १९८८ साली स्थापन झाली ती जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने, आणि तिचा हेतूच मुळी असा होता की, देशभरातील विद्यापीठांतील शिक्षकांना व विद्यार्थ्यांनाही प्रथम प्रतीच्या संशोधनात भाग घेता यावा. अॅस्ट्रोसॅटची निरीक्षणे ठरावीक मुदतीनंतर सर्वांना खुली होतात. ती वाचण्यासाठी दुर्बिणीच्या मालकीची गरज नाही. गणिताची तयारी, एक संगणक आणि चिकाटी एवढ्या भांडवलावर कळंबच्या अथवा परंड्याच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यासही त्यात काम करता येईल. जिल्ह्यातील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी हा मार्ग आपल्या विद्यार्थ्यांना दाखवावा, ही त्यांना माझी आग्रहाची विनंती आहे.

दुसरी विनंती शेतकरी बांधवांना. ज्वारीच्या रानात कधी पहाटे रंगीत छत्रीखाली एखादी पेटी वा सांगाडा पडलेला दिसला, तर भिऊ नये आणि मोडतोडही करू नये. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते, म्हणून ती उघडणे जिवास धोक्याचे आहे. पोलीस पाटील किंवा तलाठी यांच्यामार्फत ठाण्यात वर्दी द्यावी आणि बलून केंद्राची माणसे येईपर्यंत मुलाबाळांना व जनावरांना दूर ठेवावे. खबर देणाऱ्यास केंद्राकडून योग्य बक्षीस मिळते.