दीड किलोमीटर खालची खबर

पाऊण इंच जाडीची, २५ फूट लांबीची एक पोलादी सळई घ्या. तिला आट्यांनी तशीच दुसरी जोडा, मग तिसरी, आणि असं जवळपास २०० सळयांपर्यंत करत जा. तयार झालेली ही दीड किलोमीटरची, साडेतीन टनांच्या घरातली रांग एका उभ्या पाइपात सोडा. खालच्या टोकाला पंप लावा आणि वरचं टोक मिनिटाला आठ वेळा खाली-वर करत राहा. रात्रंदिवस, पावसापाण्यात, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. वर्षाला ४२ लाख फेऱ्या होतात. पंप कुठे आहे, तो भरतोय की रिकामाच हलतोय, झडप गळतेय की शाबूत आहे, यातलं काहीही वर उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही.

गुजरातेत मेहसाण्याच्या आसपास शेतांच्या मधोमध तेलविहिरींवर अशी यंत्रं दिसतात. एक जाड लोखंडी तुळई संथपणे मान डोलावत असते. या यंत्राचं आज ओळखीचं झालेलं रूप टेक्सासमधल्या लफकिन गावच्या वॉल्टर ट्राउट यांनी १९२५ मध्ये घडवलं. तुळईच्या मागच्या अंगाला जड वजनं लावून त्यांनी सळयांचा भार तोलला, त्यामुळे मोटरीचं काम बरंच हलकं झालं. पण खरी करामत जमिनीच्या वर नाहीच.

एवढा खटाटोप लागतो, कारण तेलविहीर कायम आपणहून उसळत नाही. दीड किलोमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ तळावर सुमारे १५० वातावरणांचा दाब देतो. तेलाचा थोडा कमी. खडकातला दाब याहून जास्त असेल तोवर तेल स्वतःच्या जोरावर वर येतं. उपसा होत जातो तसा दाब उतरतो आणि एक दिवस तेल विहिरीत अर्ध्यावरच थांबतं. वरून तोंड लावून ओढायचं म्हटलं, तर हवेचा दाब पाण्याला जेमतेम दहा मीटर चढवतो. तेव्हा पंपालाच खाली जावं लागतं.

आपल्याकडे खेडोपाडी दिसणारा हापसा हे याच यंत्राचं धाकटं भावंड. त्यातही सिलिंडर खाली पाण्यात, दट्ट्या सळयांच्या टोकाला आणि झडपा दोन. देशभर पसरलेल्या ‘इंडिया मार्क टू’ हापशाची वंशावळ तर थेट सोलापूरच्या पंपाशी जाऊन पोचते. दट्ट्या वर जाताना त्याच्यातली झडप मिटते आणि वरचा सगळा द्रव उचलला जातो. त्याच वेळी तळाची झडप उघडून नवा द्रव आत येतो. खाली जाताना नेमकं उलट. तेलविहिरीत फरक एवढाच, की हापशावर बाईचा हात असतो आणि हाताला कळतं. दांडा हलका लागला की ती म्हणते, वायसर गेलं. दीड किलोमीटर लांबीच्या सळईवर हात ठेवून काय कळणार?

कळायला अडचण आहे ती पोलादाची. एवढ्या लांबीत पोलाद रबरासारखं वागू लागतं. मध्यम आकाराच्या दट्ट्यावर दीड किलोमीटरच्या द्रवाचा भार दोन टनांच्या आसपास भरतो. तो सळयांवर आला की त्या अर्ध्या मीटरने ताणल्या जातात. म्हणजे वरचं टोक अर्धा मीटर उचललं गेलं तरी तळाशी दट्ट्या जागचा हललेला नसतो! शिवाय वरच्या हिसक्याची बातमी खाली जायलाही वेळ लागतो. पोलादातून ती सेकंदाला पाच किलोमीटरच्या सुमाराने धावते, म्हणजे तळ गाठायला साधारण ०.३ सेकंद. तिथे आपटून ती परत फिरते आणि उलट दिशेने येणाऱ्या हिसक्यांमध्ये मिसळते. वरच्या टोकाशी भार मोजला तर हा सगळा कालवा एकदम ऐकू येतो.

हा भार आणि सळईची जागा यांचा आलेख म्हणजे डायनामोमीटर कार्ड. एका फेरीत रेघ फिरून जिथून निघाली तिथेच येते आणि एक बंद आकृती उमटते. जुने जाणते लोक या वेड्यावाकड्या आकृत्या पाहून निदान करायचे; काही बरोबर, बरीच अंदाजपंचे. १९३६ मध्ये शेल कंपनीच्या वॉल्टन गिल्बर्ट यांनी सरळ मार्ग धरला. मोजणी करणारं उपकरणच त्यांनी तळाशी, पंपाजवळ पाठवलं. तिथून मिळालेल्या आकृत्या आश्चर्य वाटावं इतक्या साध्या होत्या: पंप नीट भरत असेल तर जवळजवळ आयत. पण आकृती बघण्यासाठी दरवेळी सगळ्या सळया वर ओढायच्या, हे रोजच्या कामात परवडणारं नव्हतं.

तोड निघाली १९६० च्या दशकात, तीही गणितातून. शेलमध्येच काम करणाऱ्या सॅम गिब्स यांनी सळईकडे तार म्हणून पाहिलं. ताणलेली तार कशी कंप पावते याचं समीकरण फ्रान्सच्या दालांबेर यांनी १७४७ मध्ये मांडलं होतं. तारेतली लाट आडवी हलते, सळईतली लांबीच्या दिशेने, गणित तेच. गिब्सनी त्यात घर्षणाचं एक पद घातलं आणि समीकरण उलट्या बाजूने सोडवलं. वरच्या टोकाशी प्रत्येक क्षणी किती भार आहे आणि टोक कुठे आहे, या दोनच गोष्टी मोजायच्या. तेवढ्यावरून पायरीपायरीने खाली उतरत तळाशी काय चाललंय ते काढायचं. जी सळई संदेशाचा गोंधळ करत होती, तीच आता संदेशाची तार ठरली. तेलाच्या धंद्यातल्या हुशारीची अनेक उदाहरणं आहेत. माझ्या मते इतकं देखणं दुसरं नसेल.

मग आकृत्या बोलू लागल्या. वरची रेघ सपाट न राहता कमानीसारखी झुकली, तर दट्ट्यातली झडप गळते आहे. आकृती चपटी पडली आणि भार उतरला, तर मधेच सळई तुटली आहे. सगळ्यांत जास्त पाहावी लागते ती उजव्या खालच्या कोपऱ्यातली खाच. पंप पुरता भरलेला नाही, असं ती सांगते. दट्ट्या खाली येताना आधी रिकाम्या जागेतून पडतो आणि मग द्रवाच्या पृष्ठभागावर आदळतो. हा दणका लाटेसारखा सळयांतून वर चढतो. खालच्या सळया क्षणभर दाबल्या जाऊन वाकतात आणि पाइपाच्या भिंतीला घासतात. सळया जोडताना कुठे हातोड्याची किंवा पान्याची बारीक खूण राहिली असेल, तर वर्षाच्या ४२ लाख फेऱ्यांपैकी एखाद्या फेरीत चीर नेमकी तिथूनच पुढे सरकते.

यावरचा उपाय ऐकायला विचित्र वाटतो: यंत्र हळू चालवा, नाहीतर थोडा वेळ बंद ठेवा. खडक आपल्या गतीने तेल सोडतो. जोरजोरात हापसलं म्हणून ते जास्त पाझरत नाही. फक्त सळया लवकर मरतात. आता विहिरीजवळचा छोटा संगणक प्रत्येक फेरीची आकृती स्वतः काढतो आणि खाच मोठी झाली की गती उतरवतो. विहीर किती काळ विनातक्रार चालेल, हे पोलादाच्या ताकदीइतकंच या सबुरीवर अवलंबून असतं.

सगळ्याच विहिरी सळयांवर चालत नाहीत. तिफ्लिसमध्ये जन्मलेल्या आर्मेइस अरुतुनॉफ यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत जाऊन आख्खी विजेची मोटरच लांबट नळीसारखी करून विहिरीत उतरवली. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवरच्या ‘मुंबई हाय’मध्ये, जिथे १९७४ साली तेल सापडलं, बऱ्याच विहिरींत वायू सोडला जातो. तेलात वायूचे बुडबुडे मिसळले की स्तंभ हलका होतो आणि खडकात उरलेला दाब पुन्हा पुरेसा ठरतो. समुद्रात दुरुस्तीसाठी रिग आणणं भयंकर खर्चाचं. तळाशी दट्ट्या नाही, सळया नाहीत, मोटर नाही, हा तिथे मोठाच गुण.

गिब्सच्या समीकरणाचीही एक दुखरी जागा आहे. त्यातलं घर्षणाचं पद वरून मोजता येत नाही, ते ठरवावं लागतं. जास्त धरलं तर आकृती आवळली जाते, कमी धरलं तर फुगते, आणि दोन्ही वेळा पंपाचं काम चुकीचं दिसतं. सरळ विहिरीत अनुभवी माणूस हा आकडा जुळवून घेतो. वाकड्या विहिरीत मात्र सळई प्रत्येक वळणावर पाइपाला टेकते, आणि ते घर्षण द्रवातल्या घर्षणासारखं वागतच नाही. गिब्सनी १९९२ मध्ये वळणदार विहिरींसाठी गणित नव्याने मांडलं. त्याला विहिरीचा नेमका नकाशा लागतो: किती खोलीवर, किती अंश, कोणत्या दिशेला. विहीर खोदताना हा नकाशा शंभर-शंभर फुटांवर मोजून केलेला असेल, तर मधली बारीक वळणं त्यात सापडत नाहीत. सळया घासतात त्या बहुधा तिथेच.