सॉकेट जुळला, पण पडदा?

लॅपटॉपचा प्रोसेसर बदलणे हे काम हाताला फारसे अवघड नाही, म्हणजे प्रोसेसर सॉकेटात बसणारा असेल तर. हीटसिंकवर छापलेल्या आकड्यांकडे बघत स्क्रू सैल करायचे, वाळून कडक झालेली पेस्ट पुसायची आणि सॉकेटच्या कडेचा स्क्रू अर्धा फेरा फिरवायचा. पिना सुटतात, चिप अलगद वर येते. नवी बसवताना कोपऱ्यातला त्रिकोण जुळवायचा आणि जोर मुळीच लावायचा नाही. हे इतके सरळ आहे, म्हणूनच सॉकेट जुळला की सगळे जुळले, असा समज होतो. पण लॅपटॉपमध्ये प्रोसेसरसोबत बऱ्याचदा ग्राफिक्सही बदलते, आणि पडद्याची तार कुठे गेली आहे हे सॉकेट सांगत नाही.

2010 सालचे यंत्र घ्या. इंटेलच्या आय5-520एम या प्रोसेसरच्या पोटात ग्राफिक्सची वेगळी चिप होती. त्याच सॉकेटात बसणाऱ्या, चार कोअरच्या आय7-720क्यूएममध्ये ती नव्हतीच. त्याच वर्षी एनव्हिडियाने ऑप्टिमस आणले. त्यात स्वतंत्र ग्राफिक्स चित्र काढते, पण तयार चित्र पडद्यावर पोचवण्याचे काम प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सकडे असते. अशा लॅपटॉपमध्ये 720क्यूएम बसवला, तर पंखा फिरला तरी पडदा काळाच राहणार. स्वतंत्र ग्राफिक्स एवढे ताकदवान, मग त्यानेच पडदा का सांभाळू नये? ताकद आहे, तार नाही. त्याआधीच्या काही लॅपटॉपमध्ये, उदाहरणार्थ 2006च्या सोनी वायो एसझेडमध्ये, ग्राफिक्स बदलायला चक्क एक खटका होता. मशीन पुन्हा सुरू करावे लागे, ही कटकट खरी. पण अशा रचनेत पडदा दोघांपैकी कोणालाही जोडता येतो. आपल्या 2010च्या यंत्रात अशी रचना असली, तरी चार कोअर फुकट मिळत नाहीत: बॅटरी वाचवणारे ग्राफिक्स गेले, आणि 35 वॅटच्या चिपसाठी बेतलेल्या हीटसिंकवर 45 वॅटचा भार आला. मूळ वेग तर 2.4 वरून 1.6 गिगाहर्ट्झवर उतरला. दोनच कोअर वापरणाऱ्या प्रोग्रामला यात काय मिळाले?

ही जुनी गोष्ट झाली, असे कोणी म्हणेल. प्रोसेसरपुरते ते खरे आहे. 2011च्या आय7-2630क्यूएममध्ये ग्राफिक्स आले, आणि 2013च्या हॅसवेल पिढीनंतर इंटेलचे लॅपटॉप-प्रोसेसर थेट बोर्डावरच डकवले जाऊ लागले. तारेचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. गेमिंग लॅपटॉपच्या जाहिरातीत आज पडद्याची जोडणी बदलणारा ‘मक्स स्विच’ मिरवतात तो याच कारणाने: तो नसेल तर प्रत्येक फ्रेम दुसऱ्या ग्राफिक्सच्या दारातून जाते आणि वेग थोडा खाते. पुष्कळ लॅपटॉपमध्ये एचडीएमआयचे भोक थेट स्वतंत्र ग्राफिक्सला जोडलेले असते. त्यांना बाहेरचा मॉनिटर लावला की हा वळसा टळतो. आपल्या मशीनमध्ये काय आहे, ते एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमधल्या ‘फिजएक्स’च्या पानावर, कोणता पडदा कोणाला जोडला आहे याच्या आकृतीत दिसते. त्यासाठी स्क्रू उघडावा लागत नाही.