बाळंतपणांची पंचवीस वर्षं

एकाच वर्षी आई आणि लग्न झालेली मुलगी दोघीही बाळंत होत, मामा भाच्याहून धाकटा निघे, आणि कुणाला त्याचं नवल वाटत नसे. सतराव्या-अठराव्या वर्षी हलू लागलेला पाळणा चाळिशी उलटली तरी थांबत नसे. ही फार जुनी गोष्ट नाही, आपल्या पणज्यांची आहे.

1950 च्या सुमारास भारतातल्या बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा 2.0 भरला; महाराष्ट्रात 1.7, गोव्यात तर 1.3. लोकसंख्या पिढीमागून पिढी तेवढीच राहायची तर साधारण 2.1 लागतात. कोट्यवधी घरांनी, आपापल्या माजघरात, एकाच दिशेचा निर्णय घेतला. तो कशामुळे?

संततिनियमनाची साधनं मिळाली म्हणून, हे उत्तर अपुरं आहे. समाजसुधारक र. धों. कर्व्यांनी मुंबईत 1921 मध्येच त्यासाठी केंद्र काढलं होतं. त्यांच्या वाट्याला मुख्यतः शिव्याशाप आले. त्या काळी मूल जगेलच याचा भरवसा नव्हता. पुढे डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशींचं बाळ, त्या चौदा वर्षांच्या असताना, अवघ्या दहा दिवसांत गेलं. घरोघरी असंच होतं. चार जगावीत म्हणून आठ व्हायची. लसी, स्वच्छ पाणी, औषधं आली, बालमृत्यू उतरले. 2020 मध्ये भारतात दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतल्या बाळांचे मृत्यू 28 वर आले होते. भरवसा आला, आणि मगच आकडा खाली आला.

दुसरं कारण जॉन कॉल्डवेल या अभ्यासकाने फार सुंदर मांडलं. शेतीच्या घरात मूल लहानपणापासून गुरं राखतं, पुढे म्हातारपणी सांभाळतं. संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते. शाळा आली की प्रवाह उलटा फिरतो. फी, वह्या, क्लास, मग कॉलेज. शिवाय मुलगी शाळेत टिकली की लग्न लांबतं, आणि किती मुलं हवीत यावर तीही बोलू लागते. माझ्या मते सर्वांत बळकट कारण हेच.

पण मला खरं थक्क करते ती आपली वेगळी वाट. युरोपात आज कुटुंबं लहान आहेत आणि पहिलं मूलही तिशीच्या आसपास होतं. आपल्याकडे असंख्य बायकांचं लग्न विशीच्या आसपास, लगोलग दोन मुलं, की ऑपरेशन. पंचविशी-सव्विशीत बाळंतपणांचा अध्याय संपलेला! पणजीची पंचवीस वर्षं पणतीला पाच-सहा वर्षांत आटोपता आली. उरलेली वर्षं तिच्या हाती आली, हा केवढा मोठा बदल!

या वाटेवर मुलगाच हवा या हट्टापायी कितीतरी मुली गर्भातच मारल्या गेल्या. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली होत्या. ही लहान कुटुंबाची काळी बाजू आहे आणि ती लपवता कामा नये.

आणखी एक. पुरुषांची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची. पण 1975-77 च्या आणीबाणीत नसबंदीची सक्ती मुख्यतः पुरुषांवर झाली. त्यानंतर पुरुष या वाटेपासून दूरच गेले. त्याच 2019-21 च्या पाहणीत भारतातल्या विवाहित जोडप्यांपैकी सुमारे 38 टक्के घरांत बाईचं ऑपरेशन झालेलं होतं, आणि पुरुषाचं 0.3 टक्के.