पटावर घसरलेली साखर

गेल्या महिन्यात गावातील खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत मीही हौसेने उतरलो होतो. तिसऱ्या फेरीत समोर आले साठी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी. फेरी दुपारी साडेबाराची. "जेवलात का, गुरुजी?" म्हणून विचारले, तर हसून म्हणाले, "डॉक्टर, पोट भरले की डोके चालत नाही. डाव झाल्यावर पाहू."

गुरुजी झकास खेळत होते. विसाव्या खेळीपर्यंत माझी दोन प्यादी गेली होती व राजा उघड्यावर आला होता. मग अचानक ते अडखळले. एकाच खेळीवर वीस मिनिटे गेली. डोक्यावर पंखा असूनही कपाळावर घाम, बोटे थरथरत होती. शेवटी त्यांनी वजीर उचलला आणि सरळ माझ्या उंटाच्या तोंडी दिला! मी उंटाला हात न लावता घड्याळ थांबवले व पंचांना बोलावले. पिशवीतल्या यंत्रावर रक्तातील साखर तपासली, तर ५२ मिलिग्रॅम! ७० च्या खाली गेली की धोका सुरू होतो.

गुरुजींनी सकाळी मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती, जेवण मात्र टाळले होते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोट रिकामे आहे हे तिला कळत नाही. मेंदूचे मुख्य इंधन साखरच. ती उतरली की घाम, थरथर, धडधड, चिडचिड आणि गोंधळ सुरू होतो.

अशा वेळी चहाचे तीन चमचे (सुमारे १५ ग्रॅम) साखर पाण्यात विरघळवून द्यावी. यंत्र नसले तरी थांबू नये. १५ मिनिटांनी आराम नसल्यास पुन्हा तेवढीच द्यावी. नंतर पोळी-भाजी किंवा दूध-बिस्किटे द्यावीत. कारण गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो व साखर पुन्हा उतरू शकते. म्हणून रुग्णाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये, ताबडतोब रुग्णालय गाठावे. आणि हो, घाबरून गोळी मनानेच बंद करू नये.

अर्ध्या तासाने गुरुजी सावरले. मी बरोबरी सुचवली. पटाकडे एकवार पाहून ते म्हणाले, "खेळी ती खेळी," आणि डाव सोडून दिला. दुसऱ्या दिवशीच्या फेरीला मात्र ते आले, ते जेवून आणि खिशात खडीसाखरेची पुडी घेऊनच!