विश्लेषण : मातीतल्या कोळ्याची नवी प्रजाती कशी ठरते? कांदा, मेंढी आणि माणसाशी तिचा संबंध काय?

जुन्नर तालुक्यातील नारायणगावला लागून असलेल्या वारूळवाडीच्या नावातच वारूळ आहे. जमिनीखाली राहणाऱ्या जिवांपैकी वाळवी आणि मुंग्या अशा बांधकामामुळे नजरेत भरतात. त्याच मातीत मोठ्या संख्येने राहणारे कोळी, म्हणजे माइट्स, मात्र सहसा कोणाला दिसत नाहीत. जगभरात माइट्सच्या सुमारे ५५ हजार प्रजातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. प्रत्यक्षात त्या काही लाख असाव्यात, असा अंदाज आहे. त्यामुळे या गटात नवी प्रजाती हाती लागणे फार दुर्मीळ नाही. ती खरोखर नवी आहे हे सिद्ध करून तिला नाव देणे, हे खरे अवघड काम. ते कसे होते आणि त्याचा शेतकऱ्याशी काय संबंध?

माइट म्हणजे नेमके काय?

टोमॅटो, वांगी, द्राक्षाच्या पानामागचा ‘लाल कोळी’ शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. तो माइटच. जनावरांच्या अंगावरची गोचीड त्याच्या नात्यातली. विंचू आणि जाळे विणणारे कोळी हे दूरचे भाऊबंद. कीटकांना सहा पाय असतात. पूर्ण वाढलेल्या माइटला बहुधा आठ. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाला मात्र सहाच असतात.

मातीत राहणारा एक माइट तर अनेकांनी हातावर घेऊन पाहिलेला असतो. मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की बांधावर दिसणारा, लाल मखमलीसारखा ‘मृगाचा किडा’ हा कीटक नसून माइट आहे. वर्षातला बराच काळ तो जमिनीखाली असतो. बाकीचे बहुतेक जमातभाई अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, त्यामुळे भिंगाशिवाय दिसत नाहीत.

मातीत ते काय करतात?

त्यांचे गट वेगळे, कामेही वेगळी. ओरिबॅटिड गटातले माइट्स कुजका पालापाचोळा आणि बुरशी खातात. पानांचे बारीक तुकडे होऊन सूक्ष्मजीवांचे काम सोपे होण्यात त्यांचा वाटा असतो. बहुतेकांच्या अंगावर भुंग्यासारखे कडक कवच असते. भीमाशंकरच्या जंगलासारख्या किंवा आंबेगाव तालुक्यातील आहुपेच्या देवराईसारख्या, पाचोळ्याचा जाड थर असलेल्या जागा त्यांना मानवणाऱ्या. मेसोस्टिग्माटा गटातले अनेक जण शिकारी. सूत्रकृमी, कीटकांची अंडी आणि अळ्या हे त्यांचे खाद्य. काही गट कंदांवर जगतात, तर काहींची पिल्ले प्राण्यांच्या अंगावर पोसतात. चांगल्या जंगलातील एक चौरस मीटर जमिनीत सर्व गटांचे मिळून लाखभर माइट्स असू शकतात.

इतका लहान जीव मातीतून वेगळा कसा काढतात?

पद्धत शंभर वर्षांहून जुनी आणि साधी आहे. इटलीचे अंतोनियो बर्लेसे यांनी १९०५ मध्ये गरम पाण्याने तापवलेले नरसाळे वापरले. पुढे १९१८ मध्ये स्वीडनच्या आल्बर्ट टुलग्रेन यांनी त्यासाठी विजेचा दिवा वापरला. नरसाळ्यात जाळीवर माती ठेवायची, वर दिवा लावायचा. माती वरून तापून सुकू लागली की माइट्स ओलावा शोधत खाली सरकतात आणि तळाशी ठेवलेल्या अल्कोहोलच्या बाटलीत पडतात. काही दिवसांत नमुना तयार होतो.

पुढे एकेक माइट सुईच्या टोकाने किंवा बारीक ब्रशने वेगळा करायचा, लॅक्टिक आम्लात ठेवून पारदर्शक करायचा आणि काचपट्टीवर बसवायचा. उताणा, पालथा, आडवा अशा सर्व बाजूंनी तो पाहावा लागतो. त्यामुळे शक्यतो एकाच प्रजातीचे अनेक नमुने लागतात.

नवी प्रजाती कशी ठरते?

मुख्य पुरावा असतो अंगावरच्या केसांचा. पाठीवर केसांच्या किती जोड्या, प्रत्येक केस कुठे, साधा की काटेरी, पायाच्या कोणत्या सांध्यावर किती, हे सारे मोजले जाते. डोक्याकडच्या भागावरील खळग्यातून निघणारा संवेदी केस ओरिबॅटिडमध्ये विशेष पाहतात. त्याचा आकार कधी गदेसारखा, कधी धाग्यासारखा. फ्रान्सचे फ्रांस्वा ग्रांजाँ (१८८२–१९७५) यांनी या केसांना खुणांची अशी पद्धत लावून दिली की, दोन देशांतले अभ्यासक एकाच केसाबद्दल नेमके बोलू शकतात. आजही वर्णनात ती वापरली जाते.

त्यानंतरचे काम कागदपत्रांचे. त्या वंशात आतापर्यंत नोंदलेल्या सर्व प्रजातींशी तुलना करावी लागते. जुनी वर्णने लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन भाषांत असतात, काही दोन-चार ओळींचीच. मग दुसऱ्या देशातील संग्रहालयात असलेला मूळ नमुना तपासण्यावाचून पर्याय नसतो.

आणखी दोन अडचणी आहेत. ओरिबॅटिडची पिल्ले प्रौढांपेक्षा इतकी वेगळी दिसतात की ती दुसरीच प्रजाती वाटावी. शिवाय त्यांच्या सुमारे दहा टक्के प्रजातींमध्ये माद्या नराशिवायच प्रजनन करतात. ‘आपसात प्रजनन करतात ते एका प्रजातीचे’ ही पाठ्यपुस्तकातली कसोटी इथे लागू पडत नाही. म्हणून आता डीएनएचाही आधार घेतला जातो. पण डीएनएचा क्रम जुळवून पाहण्यासाठी आधी कोणीतरी अचूक ओळखलेला नमुना हवाच. तो नसेल, तर यंत्र ‘अनोळखी माइट’ एवढेच सांगू शकते.

नाव देण्याचे नियम काय?

प्राण्यांच्या नावांसाठी आंतरराष्ट्रीय संहिता आहे. दोन शब्दांचे नाव, वर्णन, आकृत्या आणि एक ‘मूळ नमुना’, ज्याला होलोटाइप म्हणतात, ठरवून द्यावा लागतो. पुढे कधीही वाद झाला तर हाच नमुना साक्षीदार. केवळ ऑनलाइन निघणाऱ्या नियतकालिकांतील नावेही २०१२ पासून ग्राह्य धरली जातात. मात्र त्यासाठी ‘झूबँक’ या नोंदवहीत नोंद लागते. भारतात जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ नुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना शासनाने नेमलेल्या संस्थेकडे द्यावा लागतो. भारतीय प्राणी सर्वेक्षण ही त्यापैकी एक. तिचे पश्चिम प्रादेशिक केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे.

नाव कोणाचे द्यायचे हे वर्णन करणारा ठरवतो. ठाणे-कल्याण परिसरातल्या उडी मारणाऱ्या एका कोळ्याला २६/११च्या हल्ल्यात हुतात्मा झालेले तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ ‘इसियस तुकारामी’ हे नाव दिले गेले, तेव्हा २०२१ मध्ये त्याची बातमी झाली. मातीतल्या माइट्सच्या वाट्याला असे कौतुक सहसा येत नाही.

नाव चुकले तर बिघडते काय?

बिघडते, आणि पैशातही. रायझोग्लिफस वंशाचे माइट्स कांदा-लसणाच्या कंदात शिरून ते सडवायला मदत करतात. या वंशातल्या रोबिनी आणि एकिनोपस या दोन प्रजातींची अभ्यासकांकडूनच वर्षानुवर्षे गल्लत होत आली. अशा वेळी एकीवर झालेले प्रयोग दुसरीच्या नावावर जमा होतात आणि उपाय का लागू पडत नाही ते कळत नाही.

शिकारी माइट्स तर बाटलीत भरून विकले जातात. उत्तर अमेरिकेत ‘हायपोअ‍ॅस्पिस माइल्स’ म्हणून विकला जाणारा, मातीतल्या किडींवर सोडण्याचा माइट प्रत्यक्षात ‘स्ट्रॅटिओलेलॅप्स स्किमिटस’ ही वेगळीच प्रजाती असल्याचे २००३ मध्ये दाखवले गेले.

मेंढपाळांसाठी मुद्दा आणखी जवळचा. मेंढ्या-शेळ्यांच्या आतड्यातील मोनिझिया या पट्टकृमीची वाढ मधल्या टप्प्यात ओरिबॅटिड माइटच्या शरीरात होते, हे १९३७ मध्ये होरेस स्टंकार्ड यांनी सिद्ध केले. गवताबरोबर असा माइट पोटात गेला की कृमी जनावरात पोहोचतो. पण सगळेच ओरिबॅटिड त्याला थारा देत नाहीत. कोणत्या कुरणात कोणती प्रजाती, हे कळले तर चराईची जागा आणि जंताच्या औषधाची वेळ ठरवायला आधार मिळतो.

माणसाच्या बाबतीत उदाहरण स्क्रब टायफसचे. २०१८ मध्ये नागपूरसह विदर्भात या तापाचे बरेच रुग्ण आढळले. लेप्टोट्रॉम्बिडियम वंशातील माइटच्या पिल्लाच्या चाव्यातून तो होतो. मोठा झालेला हाच माइट चावत नाही, मातीतच राहतो. सरसकट सगळ्या माइट्सवर विष मारणे म्हणूनच उपयोगाचे नाही. उपकारक शिकारी आधी मरतात.

मग अडते कुठे?

मनुष्यबळात. एका गटाची ओळख पक्की करायला अभ्यासकाची अनेक वर्षे जातात आणि या विषयात राहणारे थोडे. जुन्नर-आंबेगावसारख्या भागात तर पश्चिमेला नाणेघाट, भीमाशंकरचा अतिपावसाचा डोंगर आणि पूर्वेला टोमॅटो, कांदा, द्राक्षांचा बागायती पट्टा, असा फरक थोड्या अंतरात पडतो. माती बदलते तसे त्यातले रहिवासीही बदलतात. गावोगावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत मृगाचा किडा लिहिता येतो. ज्याला नावच नाही, तो कोणत्या रकान्यात लिहायचा?

प्रजातीचे वर्णन करणे तज्ज्ञाचे काम असले तरी नमुने जमवायला तज्ज्ञ लागत नाही. महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत नरसाळे, चाळणी, दिवा आणि अल्कोहोल सहज जुळते. मात्र बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी हवीच. गाव, तारीख, किती खोलीवरची माती, वर पीक की जंगल, आणि शेवटची फवारणी कधी. ही चिठ्ठी नसेल, तर आत नवी प्रजाती असली तरी ती कुठली आणि कशात राहणारी, हे पुढे कोणालाच सांगता येत नाही.